माद्रिदला पाच रात्री, बार्सिलोनाला चार

स्पेनला पहिल्यांदा जाणारी बहुतेक मंडळी बार्सिलोनाला झुकतं माप देतात. समुद्र आहे, गाउदी या वास्तुकाराच्या इमारती आहेत, फुटबॉल आहे. माद्रिद म्हणजे विमान उतरतं ते गाव, एखाद-दोन दिवसांत उरकायचं. आमच्या घरातही सुरुवात तिथूनच झाली. पण बरोबर आई आणि मावशी होत्या. आई शाळेत चित्रकला शिकवायची, एलिमेंटरी-इंटरमीजिएटला मुलं बसवण्यात तिची हयात गेली. तिला प्रादो संग्रहालय बघायचं होतं, तेही घाईत नाही. मावशी पीडब्ल्यूडीत आरेखक होती, तिला गाउदीची बांधकामं हवी होती. "ताई, चित्र पुस्तकातसुद्धा दिसतं, इमारत दिसत नाही," हे तिचं पालुपद व्हिसाचे फॉर्म भरेपर्यंत चालू होतं.

मी दोघींच्या मध्ये पडले नाही, कॅलेंडर काढलं. कुठलं ठिकाण कोणत्या वारी बंद ते लिहून काढलं आणि निम्मा वाद तिथेच मिटला. माद्रिदचं रेना सोफिया हे कलासंग्रहालय मंगळवारी बंद. बार्सिलोनाचं पिकासो संग्रहालय सोमवारी बंद. प्रादो आठवडाभर उघडं. मग रेल्वेचा नकाशा पाहिला. माद्रिदहून टोलेडो आणि सेगोव्हिया दोन्ही अर्ध्या-पाऊण तासावर, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. बार्सिलोनाच्या आसपासही बघण्यासारखं आहे, पण शहरच इतकं भरगच्च की बाहेर पडायला वेळ उरत नाही. म्हणजे माद्रिदमधल्या रात्री खरं तर तीन गावांच्या होत्या. तिकीट जाताना माद्रिदचं आणि येताना बार्सिलोनाहून काढलं, म्हणजे उलटं माद्रिदला यायची खेप वाचली. सहलीच्या आखणीत हे एक काम आधी करावं. रात्रींची वाटणी त्यानंतर सुचते.

शनिवार, माद्रिद

दुपारी माद्रिदच्या बाराखास विमानतळावर उतरलो. मुक्काम आतोचा स्टेशनपासून चालत जाता येईल असा मुद्दाम घेतला होता. प्रादो, रेना सोफिया आणि गाड्या, तिन्ही तिथून पायी. खोलीला छोटंसं स्वयंपाकघर होतं, त्याचा उपयोग पुढे कळला. इथली मेट्रो डावीकडून धावते, हे मावशीने पहिल्याच स्टेशनवर हेरलं.

संध्याकाळी पुएर्ता देल सोल. चौकातल्या जुन्या इमारतीसमोर फुटपाथमध्ये एक फरशी बसवलेली आहे, किलोमीटर शून्य. माद्रिदहून निघणारे देशाचे मोठे रस्ते इथून मोजतात. लोक रांग लावून तिच्यावर पाय ठेवून फोटो काढत होते. मावशी म्हणाली, "मैलाच्या दगडांचे नकाशे काढण्यात माझी नोकरी गेली, मला हक्काने फोटो काढू दे." काढला. अस्वल आणि झाडाच्या पुतळ्यापाशी गर्दी होती, ते लांबूनच. प्लाझा मायोरमध्ये मात्र बराच वेळ बसलो.

साडेसातला आईला भूक लागली. रेस्टॉरंटमधली स्वयंपाकघरं साडेआठ-नऊशिवाय पेटत नाहीत. मे महिन्यात तिथे सूर्यच नवानंतर मावळतो. नकाशावर स्पेन इंग्लंडच्या खाली आहे, पण घड्याळ जर्मनीचं. १९४० मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत काटे तासभर पुढे सरकवले ते आजपर्यंत तसेच आहेत. त्यामुळे सगळंच उशिरा. एका बारमध्ये काउंटरवर मांडलेली तोर्तिया, म्हणजे बटाटा-अंड्याचा जाड पोळा, मिळाली आणि वेळ निभावली. आई अंडं खाते, म्हणून स्पेनमध्ये तिचं सुटलं. नुसतं "मांस नको" म्हणून भागत नाही. हॅमचे तुकडे कशातही असतात आणि ट्यूना तर सॅलडचा भागच समजतात. "नी हामोन, नी आतून" (ना हॅम, ना ट्यूना) एवढं पाठ करून ठेवावं.

रविवार, माद्रिद

दोघींची वाट इथे पहिल्यांदा वेगळी झाली. रविवारी सकाळी लाव्हापिएसच्या वरच्या अंगाला रास्त्रो हा जुना बाजार भरतो, उतारावरच्या रस्त्यांवर. मावशी तिकडे गेली. आई आणि मी प्रादोत.

प्रादो १८१९ मध्ये उघडलं. आत फोटो काढू देत नाहीत, आणि हे फार बरं आहे. लोक चित्राकडे तोंड करून उभे असतात. आईने ठरवलंच होतं की सगळं बघायचं नाही, व्हेलास्केझ आणि गोया एवढंच. 'लास मेनिनास'च्या दालनात गेलो तेव्हा एक शाळेची सहल जमिनीवर बसली होती. चित्र तीन मीटरहून उंच, १६५६ चं. मधोमध पाच वर्षांची राजकन्या मार्गारिता, भोवती दासी, डावीकडे हातात ब्रश घेतलेला स्वतः व्हेलास्केझ, मागच्या भिंतीवरच्या आरशात राजा-राणी. पुस्तकात हे सगळं आईने शंभरदा पाहिलेलं. तिला पाहायची होती राजकन्येची बाही.

"इथून बघ," म्हणाली, आणि मला दहा-बारा पावलं मागे नेलं. तिथून बाहीवर रुपेरी नक्षी, लेस, रेशमाची सळसळ. मग दोरीपर्यंत जवळ नेलं. तिथे लेस नव्हतीच. राखाडी, पांढरट, थोडा गुलाबी, असे ब्रशचे आडवेतिडवे फटकारे, काही तर अर्धवट वाळलेल्या ब्रशने ओढलेले. पुन्हा मागे गेलो की लेस परत. आई हे तीन-चार वेळा करत राहिली, पुढे-मागे. रखवालदार बाई बघत होती, हसत होती. आई म्हणाली, "मी मुलांना सांगायचे, रेघ पूर्ण काढा. हा माणूस पूर्ण काढतच नाही."

गोयाची काळी चित्रं त्याने स्वतःच्या घराच्या भिंतींवर रंगवली होती, नंतर ती कापडावर उतरवून घेतली. शनी आपल्या पोराला खातो ते चित्र आईला दोन मिनिटांहून जास्त बघवलं नाही. '३ मे १८०८' मात्र तिने बराच वेळ पाहिलं. जमिनीवर ठेवलेला चौकोनी कंदील, पांढऱ्या सदऱ्यातला हात वर केलेला माणूस, पाठमोरे शिपाई. बॉशच्या चित्रापुढे एवढी झुंबड होती की नुसतं डोकं वर करून पाहिलं आणि निघालो.

ज्यांना फुकट हवं त्यांच्यासाठी प्रादोचे शेवटचे दोन तास मोफत असतात, रविवारी पाच ते सात. रांग लांब लागते. चित्रं नीट बघायची असतील तर पैसे भरून सकाळी जावं.

मावशी रास्त्रोतून पितळेचा जुना ओळंबा घेऊन आली. वजन चांगलंच होतं. तिचं म्हणणं, ऑफिसात आयुष्यभर ओळंब्याच्या रेघा मारल्या, हातात कधी धरला नव्हता.

सोमवार, माद्रिद

रेना सोफिया मंगळवारी बंद, म्हणून सोमवार. 'गेर्निका' साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर लांब आहे. २६ एप्रिल १९३७ ला बास्क प्रांतातल्या गेर्निका गावावर जर्मन आणि इटालियन विमानांनी बाँब टाकले. त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनातल्या स्पेनच्या दालनासाठी पिकासोने ते काढलं. स्पेनमध्ये लोकशाही परत आल्याशिवाय चित्र तिकडे न्यायचं नाही असं त्याने बजावलं होतं, म्हणून ते न्यूयॉर्कला राहिलं आणि १९८१ मध्ये आलं. तेव्हा पिकासोही नव्हता आणि फ्रँकोही नव्हता.

आईला चित्राहून जवळच लावलेले फोटो आवडले. चित्र काढलं जात असताना पिकासोची मैत्रीण, छायाचित्रकार डोरा मार हिने टप्प्याटप्प्याने काढलेले. सुरुवातीला आकाशाकडे रोखलेली एक मूठ होती, ती पुढच्या टप्प्यांत गेली. घोड्याची मान खाली होती, ती वर आली. "खोडतोय बघ, सारखा खोडतोय," आई मावशीला दाखवत होती. मावशी इथे गप्पपणे उभी होती, फार बोलली नाही.

दुपारी झोप. संध्याकाळी रेतिरो बागेत, तळ्यातल्या होड्या बघत.

मंगळवार, टोलेडो

आतोचाहून गाडी, पस्तीसेक मिनिटं. ताहो नदीने तीन बाजूंनी वेढलेल्या टेकडीवर गाव. चढाची धास्ती घेतली होती, पण गावात जायला उघड्यावर सरकते जिने आहेत. पासष्टी ओलांडलेल्या कुणालाही टोलेडो जमतं.

सांतो तोमे या लहानशा चर्चमध्ये एल ग्रेकोचं 'काउंट ऑर्गासचं दफन' आहे. १५८६ ते १५८८ मध्ये काढलेलं, आणि ते ज्या भिंतीसाठी काढलं त्या चर्चमध्येच आहे. खाली काळ्या पोशाखातले सरदार, वर ढगांत स्वर्ग. डावीकडे पुढे एक मुलगा बोट दाखवतो, तो एल ग्रेकोचा मुलगा. संग्रहालयातल्या दहा दालनांनंतर एका चित्रासाठी एका खोलीत उभं राहायला फार हलकं वाटतं.

सांता मारिया ला ब्लांका हे जुनं सिनेगॉग, नंतर चर्च झालेलं, आतून पांढऱ्या घोडनालेसारख्या कमानींच्या रांगा. ज्यूंसाठी मुसलमान कारागिरांच्या शैलीत बांधलेलं आणि नाव ख्रिस्ती. कॅथेड्रलला जायचं त्राण उरलं नाही. बदामाची मार्झिपान घेतली. आईने एक खाल्ली आणि "साखर जास्त आहे" असा निकाल दिला, पण डबा हातातून सोडला नाही.

बुधवार, सेगोव्हिया

हा दिवस मावशीचा. गाडी चामार्तिन स्टेशनहून, अर्ध्या तासाच्या आत. सेगोव्हियाचं हायस्पीड स्टेशन गावाबाहेर उजाड माळावर आहे, तिथून अकरा नंबरची बस थेट रोमन जलसेतूच्या पायथ्याशी सोडते.

पहिली प्रतिक्रिया म्हणजे तो फारच मोठा आहे. सर्वांत उंच जागी अठ्ठावीस मीटर, दोन मजली कमानी, सगळा ग्रॅनाइट, आणि दगड जोडायला चुना नाही की काही नाही. नुसते घडवून एकावर एक बसवलेले. कमान आपल्याच वजनाने घट्ट बसते. मावशी खांबाला हात लावून सांध्यात नख घालून बघत होती. मग तिने दगडांवरची लहान लहान भोकं दाखवली. "हे वर चढवताना चिमट्याने धरलेत. दोन्ही बाजूंना असणार." पलीकडे जाऊन बघितलं, होती. दोन हजार वर्षांमागच्या गवंड्यांचा तेवढाच पुरावा हाताला लागतो. बाकी खांब पाहून कळत नाही की हे माणसांनी केलंय.

आईला तिथल्या सावल्या आवडल्या. दुपारी दोनच्या उन्हात कमानींच्या सावल्या चौकात पडल्या होत्या, त्यांचं तिने वहीत एक लहान रेखाटन केलं. आल्काझार किल्ला बाहेरून. जेवण चौकात, ऊन फार.

माद्रिदचा राजवाडा राहिलाच. तीन हजारांहून जास्त खोल्या आहेत म्हणतात. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

गुरुवार, बार्सिलोनाकडे

गाव बदलायचा दिवस अर्धा वाया जातो, हे धरूनच चालावं. माद्रिद-बार्सिलोना रेल्वेमार्ग सहाशे एकवीस किलोमीटरचा, गाडी अडीच ते तीन तासांत नेते. फेब्रुवारी २००८ मध्ये हा मार्ग पूर्ण झाला. आता रेन्फे या सरकारी कंपनीच्या आवे गाड्यांबरोबर ऊईगो आणि इर्यो या दुसऱ्या कंपन्यांच्याही धावतात, त्यामुळे महिना-दीड महिना आधी काढलं तर तिकीट बरंच स्वस्त पडतं. आतोचाला सामान तपासणीच्या यंत्रातून जातं, म्हणून अर्धा तास आधी पोचावं. जुन्या स्टेशनच्या छताखाली ताडामाडांची बाग केलीय, तिथे बसून डबा खाल्ला.

गाडीत मावशीने मला विचारलं की पाच-चारची वाटणी बरोबर होती का. मी म्हटलं, आपल्यासाठी होती. लहान मुलं बरोबर असती, समुद्रात डुंबायचं असतं, कॅम्प नोऊ हे फुटबॉलचं मैदान बघायचं असतं, तर उलटं केलं असतं. चित्रांत रस नसणाऱ्याने माद्रिदला दोन रात्री आणि टोलेडो एवढंच ठेवावं. आणि एकूण आठवडाच हातात असेल तर एकच शहर घ्यावं, कुठलंही. दोन्हीत अर्धं अर्धं केलं तर सगळा वेळ बॅगा भरण्यात जातो.

बार्सिलोनात पाट्या आधी कातालान भाषेत, मग स्पॅनिशमध्ये. संध्याकाळी पासेच दे ग्रासियावरून चालत गेलो, गाउदीची कासा बात्यो बाहेरूनच. मावशीला मात्र चौक हवे होते. एशाम्प्ले भागात प्रत्येक चौकातल्या चारही इमारतींचे कोपरे कातरलेले, त्यामुळे चौक अष्टकोनी होतो. इल्देफोन्स सेर्दा या अभियंत्याने १८५९ मध्ये हा आराखडा केला. हवा खेळावी, गाड्यांना वळायला जागा मिळावी, ब्लॉकच्या आत बाग राहावी असा विचार. बागा बऱ्याच ठिकाणी पुढे बांधकामाने खाल्ल्या. मावशी म्हणाली, "एफएसआय तिथेपण आलाच." जेवायला तिने मासे मागवले नाहीत, नेमका गुरुवार.

शुक्रवार, बार्सिलोना

गाउदीच्या साग्रादा फामिलिया या चर्चचं तिकीट वेळेसकट ऑनलाइन काढावं लागतं. आम्ही सकाळी नवाचं घेतलं होतं आणि हे सगळ्यांना आग्रहाने सांगेन. पूर्वेच्या काचा निळ्या-हिरव्या आहेत, पश्चिमेच्या लाल-केशरी. सकाळी आत गेलं की डावा-उजवा असा फरक दिसतो: एका बाजूचे खांब पाण्यात बुडल्यासारखे निळे आणि दुसरी बाजू अजून साधी. संध्याकाळी जाणाऱ्यांना उलट दिसतं.

काम १८८२ मध्ये सुरू झालं, पुढच्याच वर्षी ते गाउदीकडे आलं आणि १९२६ मध्ये ट्रामखाली सापडून तो गेला तेव्हा फारच थोडं झालं होतं. मधला मनोरा १७२.५ मीटरचा आखला आहे, मोंज्युइक टेकडीपेक्षा किंचित कमी. माणसाच्या कामाने देवाच्या कामापेक्षा उंच होऊ नये अशी त्याची समजूत. आत खांब सरळ उभे नाहीत. थोडे कलतात आणि वर जाऊन फांद्यांसारखे फुटतात. कोणत्या खांबाला किती भार, त्यावरून दगड ठरवलाय. जास्त भाराचे लालसर पॉर्फिरीचे, मग काळा बेसॉल्ट, ग्रॅनाइट, वाळूचा दगड.

तळघरातल्या संग्रहालयात मावशी अडकली ती अडकलीच. छतापासून उलटं टांगलेलं दोऱ्यांचं जाळं, प्रत्येक दोरीला वजनाची लहान पिशवी. गाउदीने कोलोनिया ग्वेलच्या चर्चसाठी असा साचा केला होता, इथे त्याची प्रतिकृती आहे. दोरी दोन टोकांना धरून सोडली की जो झोल पडतो, तो उलटा केला की कमानीसाठी योग्य आकार मिळतो. भार कुठून कसा उतरतो हे गुरुत्वाकर्षणच काढून देतं, गणित करायला नको. खाली आरसा ठेवलाय, त्यात बघितलं की इमारत सुलटी दिसते. मावशीने ते कागदावर उतरवून घेतलं, मोजमापं अंदाजाने टाकून.

बाहेर पश्चिमेच्या दारापाशी चार बाय चारचा अंकांचा चौकोन कोरलाय. आडवी, उभी, तिरकी, कशीही बेरीज करा, तेहतीस येते. ख्रिस्ताचं वय. आईने प्रत्येक ओळ करून पाहिली.

शनिवार, बार्सिलोना

पार्क ग्वेल. पर्स पुढे घेऊन, चेनला सेफ्टी पिन लावून मेट्रोत शिरलो. बार्सिलोनाच्या खिसेकापूंबद्दल सगळ्यांनी बजावलं होतं. टेकडी चढायची म्हणजे पुढे बस. ११६ नंबरच्या बसला पर्यटकांची इतकी गर्दी व्हायला लागली की स्थानिक म्हाताऱ्यांना जागा मिळेना, तेव्हा ती नकाशाच्या ॲपवरूनच काढायला लावली. चीड खरी आहे. जुलै २०२४ मध्ये इथल्या मोर्चेकऱ्यांनी हॉटेलबाहेर बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या होत्या. आम्ही दुसरी बस घेतली.

बागेत रंगीत फुटक्या टाइल्सचा सरडा आणि नागमोडी बाक आहेत, फोटोंमुळे सगळ्यांना ठाऊक असलेले. कमी लोकांना ठाऊक असतं ते हे की ती घरबांधणीची स्कीम होती. साठ प्लॉट पाडले, घरं झाली दोन. "म्हणजे न खपलेलं प्लॉटिंग," मावशी.

संध्याकाळी गॉथिक भागातल्या कॅथेड्रलमध्ये. तिथल्या अंगणात तेरा पांढरी बदकं-हंस पाळलेत, तेराव्या वर्षी मारल्या गेलेल्या सांता एउलालियासाठी. ला राम्ब्ला ओलांडला तेवढाच.

रविवार, बार्सिलोना

पिकासो संग्रहालय. इथे माद्रिदचा धागा परत हाती येतो, म्हणून आईसाठी हे ठेवलं होतं. १९५७ मध्ये पिकासोने व्हेलास्केझच्या 'लास मेनिनास'वर मालिका केली, अठ्ठावन्न चित्रांची, आणि नंतर ती सगळी या संग्रहालयाला देऊन टाकली. पहिलं मोठं चित्र राखाडी रंगांत. चित्रकार छतापर्यंत वाढलेला, कुत्रा मात्र अगदी घरगुती. मग एकटी राजकन्याच कितीतरी वेळा, निळी, हिरवी, पिवळी. आईला मूळ चित्र पाहून आठवडा झाला होता. ती म्हणाली, हे आधी पाहिलं असतं तर मला वाटलं असतं पोरखेळ आहे. माद्रिद आधी आणि बार्सिलोना नंतर हा क्रम आमच्याकडून विमानाच्या तिकिटामुळे ठरला होता, पण चित्रं बघणाऱ्यांनी तो मुद्दाम धरावा.

मोंसेरातला जायचं सोडलं. तासाभराचा प्रवास, वर डोंगरात मठ, काळ्या मेरीमातेची मूर्ती. मावशी जरा नाराज होती. त्याऐवजी बार्सेलोनेताच्या वाळूत बसलो आणि मावशीने पाएया, म्हणजे तिथला भात, मागवली, जी दोघांच्या खाली देत नाहीत. दुसरा वाटा मी संपवला.

सोमवार

विमान रात्रीचं. सामान हॉटेलात ठेवलं, तिथे दर रात्रीमागे माणशी पर्यटक कर वेगळा द्यावा लागला. सकाळ सांत पाऊ रुग्णालयाला दिली. साग्रादा फामिलियापासून सरळ रस्त्याने दहा मिनिटं, आणि तरी तिथे शुकशुकाट. दोमेनेक इ मोंतानेरने बांधलेलं, बागेत सुटे सुटे दवाखाने, विटांचे, रंगीत टाइलांचे, घुमटांचे. २००९ पर्यंत इथे रुग्ण होते. पावसाथंडीत खाटा न्यायला सगळे दवाखाने जमिनीखालच्या बोगद्यांनी जोडलेत. मावशी बोगद्यात फिरली. आई वर लिंबाच्या झाडाखाली बसून एका घुमटाचं चित्र काढत होती. अर्धं झाल्यावर वही मिटली. "पूर्ण करायचं नाहीये," म्हणाली.

मेट्रोचं दहा फेऱ्यांचं कार्ड विमानतळाच्या मेट्रोला चालत नाही, तेव्हा प्लाझा कातालुन्याहून विमानतळाची बस धरली.